पाटं बसलं

माझं शिक्षण तिसरीपर्यंत. चौथीत मास्तरांनी घेतलं नाही आणि मीही परत विचारायला गेलो नाही. तेव्हा ह्यात कुठं ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर तो मास्तरांचा दोष. गाडीबद्दल जे लिहिलंय त्यात मात्र चूक नाही. कुणाला शंका असेल त्यानं गाडीखाली झोपून बघावं, मी कधी कुणाला नाही म्हटलेलं नाही.

गाडी म्हणजे जीप. नव्वद सालानंतर कधीतरी सरकारी लिलावात घेतली आणि तिच्यावर कोल्हापूर ते जोतिबा वडाप करायला लागलो. माणसं भरली की निघायचं, नाही भरली तर भरेपर्यंत ओरडायचं, ह्याला वडाप म्हणतात. रस्ता डांबरी, चढ सोपा, गाडीला काही त्रास नव्हता. त्रास होता तो पुढं. जोतिबाच्या डोंगराच्या मागच्या अंगाला, खाली, एक वाडी आहे. तिथं माझी थोरली बहीण दिलेली. देवळापासनं वाडी तीन मैल. मधल्या वाटेला रस्ता म्हणायचं ते एवढ्याचसाठी की दुसरीकडनं जाता येत नाही. बैलगाडीच्या दोन चाकोऱ्या आणि त्यांच्या मधी धोंडे. आता जीपच्या मागच्या दोन चाकांच्या मधी एक लोखंडी गोळा असतो, चाकं फिरवायची दातेरी चक्रं त्याच्या पोटात असतात. तो गोळा त्या धोंड्यांवर आपटून दोनदा फुटला. दुसऱ्यांदा फुटला तेव्हा सगळं तेल वाटेवर सांडलं, आणि बहिणीच्या शेजाऱ्यानं बैल जुंपून गाडी वर देवळापर्यंत ओढत आणली. वडापवाल्याची जीप बैल ओढतायत हे सगळ्या डोंगरानं बघितलं. रविवार होता, गर्दी चांगली होती.

सोमवारी मी गाडी उचलायचं ठरवलं.

आताची पोरं हौसेनं उंच गाड्या फिरवतात, त्यातलं हे नव्हे. गाडीचं सगळं अंग पाट्यांवर टेकलेलं असतं. पाटे म्हणजे लोखंडाच्या लांब पट्ट्या, धनुष्यासारख्या वाकवलेल्या, एकीखाली एक सात लावून मधी बोल्टानं आवळलेल्या. रस्त्याचा दणका पाटे खातात, वरच्या माणसाला लागू देत नाहीत. पाट्याची कमान जेवढी उंच तेवढी गाडी उंच. मी मागं दोन्ही बाजूंना एकेक पाटा वाढवला, पाट्याची टोकं ज्या कड्यांत झुलतात त्या कड्या लांब करून घेतल्या, पुढंही थोडं तसंच केलं, आणि गाडी चार बोटं वर उचलली. चार बोटं म्हणजे माझी, आडवी. मी सगळं बोटांनीच मोजतो. टेप खोटं बोलतो, बोटं आपली असतात.

स्टँडवर गाडीला उंट म्हणायला लागले. बायकांना चढता येईना, तेव्हा आमच्या मंडळींनी, म्हणजे बायकोनं, घरातला जेवायला बसायचा पाट दिला. तो मी मागच्या बाजूला खाली ठेवायचो, लोक त्यावर पाय देऊन चढायचे. काही म्हाताऱ्या देवाला जाताना आधी त्या पाटालाच नमस्कार करायच्या. गोळा पुन्हा फुटला नाही, एवढं खरं.

अशी पाच-सहा वर्षं गेली आणि लोक गाडीच्या मागच्या बाजूबद्दल बोलायला लागले. कुत्रं बसल्यागत दिसते म्हणाले. संध्याकाळी दिवे लावले तर उजेड रस्त्यावर न पडता झाडांच्या शेंड्यांवर पडायचा. खड्डा आला की मागनं ठाक असा आवाज यायचा, म्हणजे पाट्यात काही उरलेलं नव्हतं, लोखंडावर लोखंड आपटत होतं. हे मी आज लिहितोय. तेव्हा मी मान्य करत नव्हतो. चप्पल झिजते, माणूस झिजतो, पाटा कसा झिजेल? मी बसणाऱ्यांनाच दोष द्यायचो. एका आडव्या अंगाच्या गिऱ्हाइकाला मी भर स्टँडवर म्हटलं होतं, तुम्ही बसलात की माझं पाटं रडत्यात. तो माणूस पुन्हा माझ्या गाडीत बसला नाही. पाटे तरीही वर आले नाहीत.

त्यात आक्काच्या डोळ्याचं निघालं.

आक्का म्हणजे तीच वाडीची बहीण. माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. आई लवकर गेली, मला तिनंच वाढवलं, आणि वाढवताना भरपूर मारलं. तिला डोळा एकच. दुसरा, मी सात-आठ वर्षांचा असताना गेला. मी शेतात गोफण फिरवत होतो, ती मागनं भाकरी घेऊन आली. घरी तिनं ज्वारीचं धाट लागलं म्हणून सांगितलं आणि अजून साऱ्या गावाला तेच माहीत आहे. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो नाही. त्या राहिलेल्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला, आणि तिला चुलीतला जाळ दिसेना तेव्हा तिनं मला निरोप पाठवला. त्याआधी पाठवला नाही.

कोल्हापुरात ऑपरेशन झालं. डोळ्याला टाके पडले. डॉक्टर तिच्यापुढं हात धरून बोटं किती म्हणून विचारायचे. पहिल्या दिवशी ती म्हणाली, बोटं न्हाईत, धूर हाय. तिसऱ्या दिवशी तीन म्हणाली, ती दोन होती. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, महिन्या-दीड महिन्यानं चष्म्याचा नंबर काढू. तोवर वाकायचं नाही, मान वळवायची नाही, खोकायचं नाही, वजन उचलायचं नाही, आणि डोक्याला दणका तर अजिबात बसता कामा नये. टाका सुटला तर डोळा गेला. मग ते माझ्याकडं वळून म्हणाले, घरचा रस्ता कसा आहे?

मी म्हटलं, चांगला आहे. आपल्या बहिणीच्या गावाला रस्ता नाही असं परक्या माणसाला कोण सांगणार?

मला वाटलं होतं ती दीड महिना आमच्याकडंच राहील. तिनं पहिल्याच दिवशी सांगितलं, आठ दिवस. तिच्या हिशेबानं लग्न झालेल्या बाईनं भावाच्या घरी आठच दिवस राहायचं, नवव्या दिवसापासनं ती डोळ्यात खुपते. शिवाय म्हैस व्यायला झालेली. मी नाही म्हटलं तर ती एसटीनं देवळापर्यंत जाणार होती आणि तिथनं तीन मैल चालत उतरणार होती, धुरकट एका डोळ्यानं. ती हे करणार ह्यात मला शंका नव्हती. आमच्या घरात एकदा बोललेलं कुणी मागं घेत नाही. ही सवय माझ्याकडं तिच्याकडनंच आली आहे.

म्हणजे आठ दिवसांत पाटे नीट करायचे होते.

उद्यमनगरात पाट्यांचं काम करणारा एक मिस्त्री होता. भट्टी त्याची स्वतःची, आणि बोलणं कमी. तो गाडीखाली गेला, बराच वेळ तिथंच राहिला, आणि बाहेर येऊन हात पुसत म्हणाला, "आबा, पाटं बसल्यात."

मी म्हटलं, बसल्यात म्हणजे? मीच बसवल्यात की.

"बसवलेलं येगळं आन् बसलेलं येगळं," तो म्हणाला. मग त्यानं समजावून सांगितलं. कमान सगळी गेली होती, पट्ट्या सरळ झाल्या होत्या, टोकांनी एकमेकींना घासून खोबणी पडल्या होत्या. त्याचं म्हणणं, वाढवलेले पाटे काढा, लांब कड्या काढा, कंपनीचे नवे सात-सात पाटे घाला. गाडी चार बोटं खाली येईल, पण मऊ चालेल. मी म्हटलं, खाली आली की गोळा धोंड्यावर आपटणार, म्हणजे पाट्याचा दणका गेला आणि गोळ्याचा आला. उंची मला सोडायची नव्हती हे खरं, पण माझं म्हणणंही बरोबर होतं. दोन्ही एकाच वेळी असू शकतं.

शेवटी जुनेच पाटे भट्टीत तापवून परत कमान मारायची ठरली. लोखंड म्हातारं आहे, मी पाणी देऊन कडक करतो पण जबाबदारी घेत नाही, असं मिस्त्री म्हणाला. मी गाडी तिथंच सोडून चालत घरी आलो.

चौथ्या दिवशी शेजारच्या घरनं मी त्याच्याकडं फोन लावला. त्याच्या बायकोनं उचलला. मिस्त्री भट्टीवर होता. मी विचारलं, "पाटं बसलं काय?"

ती म्हणाली, "बसलं की. सकाळीच बसलं."

मी घरी येऊन सांगितलं, काम झालं. आक्काला सांगितलं, रविवारी निघायचं, कापसात ठेवल्यासारखी नेतो. आमच्या मंडळींनी नारळ दिला. वाटेत मी पाव किलो पेढे घेतले आणि गेलो. बघतो तर गाडी कुत्र्यासारखी बसलेली, पहिल्यापेक्षा जास्त. मिस्त्रीनं पाटे चढवून, मागं पोती टाकून गाडी रात्रभर ठेवली होती, आणि सकाळपर्यंत सगळी कमान परत सरळ झाली होती. बाई खोटं बोलली नव्हती. पाटे बसले होते.

मिस्त्री माझ्या हातातल्या नारळाकडं बघत राहिला. मी म्हटलं, देवाला चाललोय. तो म्हणाला, देऊळ तिकडं हाय. पेढे आम्ही दोघांनी तिथंच खाल्ले.

मग मी सांगितलं, ट्रकचे पाटे कापून घाल. त्याच्याकडं पडलेले होते, जाडजूड. तो नको म्हणत होता.

"ह्यो ट्रकचा पाटा हाय, आबा. जीपच्या अंगाखाली न्हाय वाकायचा."

"न्हाय वाकला तर बरंच हाय. मीबी न्हाय वाकत."

"तुमाला कोण गाडीखाली बसवतंय? पाटा बसला न्हाय तर वर माणूस बसणार न्हाय."

मी म्हटलं, कोडी घालू नको, पाटे घाल. त्यानं घातले. शुक्रवारी संध्याकाळी गाडी मिळाली. मागनं मोजली, पाच बोटं भरली. पहिल्यापेक्षा एक बोट जास्त. स्टँडवरनं मी मुद्दाम सावकाश नेली.

शनिवारी सकाळी परीक्षा घ्यायची म्हणून मंडळींना पुढच्या शिटावर बसवलं, मांडीवर पाण्यानं काठोकाठ भरलेली कळशी दिली, आणि रंकाळ्याला एक फेरी मारून आणली. तो रस्ता साधा होता, खड्डे मोजके. तरी गाडी बकरीसारखी उड्या मारत होती. मागची चाकं उडायची आणि पुढं बसलेल्याचं डोकं छताला लागायचं. परत आलो तेव्हा कळशीत तळाला चूळ भरण्याइतकं पाणी होतं आणि मंडळी पदरापासनं निऱ्यांपर्यंत भिजलेल्या. त्या खाली उतरल्या, पाटावर नाही, तशाच उडी मारून. म्हणाल्या, "आक्कांस्नी ह्यात बसवणार आसला तर आदी त्या डॉक्टरला बसवून आणा."

आक्का बाहेरच्या सोप्यात बसली होती. डोळ्यावर काळा चष्मा, त्याच्या आत हिरवं फडकं. ती म्हणाली, "उद्या किती वाजता निगायचं?"

मी परत मिस्त्रीकडं गेलो. तो जेवत होता. मी उभ्या उभ्या सांगितलं तेव्हा तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. म्हणाला, हे पाटे वझ्याचे आहेत. वझं घाला, मग ते वाकतील, आणि वाकले की मऊ होतील. किती वझं? म्हणाला, नऊ-दहा माणसं. भारी बघून.

वाळूची पोती घालायचा विचार केला होता, पण त्या उतारावर पोती सरकतात, एक सरकलं की गाडी एका अंगाला जाते. माणूस सरकला तर निदान धरून बसतो. म्हणून रविवारी सकाळी आक्काला पुढं बसवून मी गाडी स्टँडवर लावली आणि इतकी वर्षं जी माणसं मी टाळत होतो तसली शोधायला लागलो.

पहिले एक शिक्षक आले, अंगानं काडी. मी त्यांना मागची गाडी दाखवली. ते म्हणाले, तुमची तर रिकामी आहे. मी म्हटलं, भरलीय. त्यानंतर एक जोडपं आलं, तेही उपयोगाचं नव्हतं. मग कुरुंदवाडची मंडळी आली. आठ-नऊ जणं, कुलदैवताला निघालेली. नदीकाठची माणसं, दूध-तुपाची. पुढं एक म्हातारबाबा, पोट असं की धोतराची गाठ दिसत नव्हती, आणि त्यांच्या मागं त्यांची मालकीण, त्यांच्याहून सवाई. माझे डोळे भरून आले म्हटलं तरी चालेल.

मी म्हटलं, पावणं, चला, फुकट नेतो.

ती सगळी जागच्या जागी थांबली. म्हातारबाबा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "का? बिरेक न्हाय काय?"

ब्रेक आहे म्हटलं. मग फुकट का? खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण माणसाला तोंडावर कसं म्हणायचं, की तुम्ही जाड आहात म्हणून नेतोय? एकदा तसं बोलून गिऱ्हाईक घालवलेलं होतं. म्हणून म्हटलं, नवस आहे. रविवारी एक खेप फुकट न्यायची. आक्कानं पुढनं नुसतं 'हं' केलं.

नवस म्हटल्यावर म्हातारबाबांनी टोपी सरळ केली आणि सगळी पाटावर पाय देऊन चढली. शेवटी मालकीणबाई चढल्या तेव्हा गाडी मागनं हळूच खाली गेली. इतकी वर्षं ह्या गोष्टीवरनं मी लोकांशी भांडलो होतो.

डोंगरापर्यंत गाडी अशी गेली की मीच चालवतोय का अशी मला शंका आली. खड्ड्यात उतरायची आणि तशीच वर यायची. आक्काचा पदरसुद्धा हलला नाही. वर पोचल्यावर कुरुंदवाडकर उतरले. मालकीणबाईंनी माझ्या कपाळाला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला, असा नवस फेडणारा माणूस बघितला नाही म्हणाल्या. मी म्हटलं, दर्शन घेऊन या, मी थांबतो.

"परतीचाबी नवस हाय?" म्हातारबाबांनी विचारलं.

हाय म्हटलं. एकदा सुरुवात केल्यावर मागं कसं यायचं?

ते तासाभरानं आले, गुलालानं लाल झालेले, पिशव्यांत नारळ घेऊन. म्हणजे वझं थोडं वाढलंच होतं. सगळी चढली. मी गाडी काढली आणि कोल्हापूरच्या रस्त्याला न लावता देवळाच्या मागनं वाडीच्या वाटेला लावली. माझा विचार साधा होता. त्यांना कळेपर्यंत दोन मैल झालेले असतील. पण डांबर संपलं तसं मागनं म्हातारबाबांचा आवाज आला.

"पावणं, कोल्लापूर कुणीकडं हाय?"

मी म्हटलं, हा जवळचा रस्ता आहे.

"आरं, खाली दरी हाय की."

तेव्हा आक्का बोलली. मागं न वळता, कारण तिला मान वळवायला बंदी होती. "नवस-बिवस काय न्हाय त्याचा," ती म्हणाली. "माज्या डोळ्याला टाकं हाईत. दणका बसला तर जातोय. गाडीत वझं आसलं तरच ती मऊ चालतीया. म्हणून तुमाला आणलंय."

मी गाडी थांबवली. पहिला धोंडा समोर पाच पावलांवर होता. म्हातारबाबा खाली उतरले, पाट मी ठेवला नव्हता तरी. माझ्या खिडकीपाशी आले.

"म्हंजे आमी पोती व्हय?"

मी काय म्हणणार होतो? म्हटलं, "व्हय."

"आन् नवस?"

"न्हाय."

म्हातारबाबांनी पुढं जाऊन एका धोंड्याला पायानं हलवून बघितलं, तो हलला नाही. त्यांची माणसं उतरून निघाली असती तर ते बरोबरच होतं, देवळापर्यंत हाकेचं अंतर, तिथं गाड्या भरपूर. आणि ते गेले असते तर मला आक्काला घेऊन परत फिरावं लागलं असतं, आणि तिनं मला परत फिरू दिलं नसतं. ती उतरून चालायला लागली असती. तिचा हात दाराच्या कडीवर होताच, मी बघितलं होतं.

मी आयुष्यात स्टँडवर हजारो माणसांना बसा बसा म्हणून ओरडलोय. ते ओरडणं वेगळं. त्या दिवशी मी गाडीतनं खाली उतरलो, पाट काढून त्यांच्या पायाशी ठेवला, आणि म्हटलं, "बसा की, पावणं."

म्हातारबाबा पाटाकडं बघून म्हणाले, "आदी सांगायचं की लेका. चार भाकरी ज्यास्त खाऊन आलो आसतो." मग मला दम दिला, की आता नीट सांग, कुणाला कुठं बसवू. मी चाकांच्या वर कोण आणि मधी कोण ते सांगितलं, त्यांनी आपल्या माणसांना तसं बसवलं, पोती लावतात तसंच. मालकीणबाईंना मात्र त्यांनी आक्काच्या मागं बसवलं. बाईंनी दोन्ही हात पुढं घालून आक्काचं डोकं दोन्ही बाजूंनी धरलं, भरलेली घागर धरतात तसं. आक्काला तिच्या डोक्याला हात लावलेला कधीच खपलेला नाही. त्या दिवशी खपला.

त्या तीन मैलांना पाऊण तास लागला. प्रत्येक धोंड्याला मी गाडी जवळजवळ थांबवायचो, मग एक चाक चढवायचो, मग दुसरं. पाटे किरकिर करत वाकायचे. एकदा डावं चाक घसरलं तेव्हा मागनं सगळ्यांनी एकदम श्वास ओढला. म्हातारबाबांनी त्यांना, हलू नका, म्हणून दम दिला. गोळा एकदाही लागला नाही. पाच बोटं उंची होती, वझ्यानं थोडी गेली, तरी पुरली.

वाडीत म्हैस अजून व्यायची होती. आक्का दारात उतरली आणि पहिल्यांदा गोठ्यात गेली. मालकीणबाईंनी तिला हात धरून नेलं. नंतर सगळ्यांनी बिनदुधाचा चहा घेतला, आणि तीच माणसं घेऊन मी वर आलो, कोल्हापुरात कुरुंदवाडच्या एसटीला सोडलं. उतरताना म्हातारबाबा म्हणाले, पुढच्या रविवारी नवस असेल तर कळवा, आमचा थोरला जावई ह्याहून भारी आहे. मी म्हटलं, कळवतो.

त्या दिवसापासनं गाडी जरा मऊ चालायला लागली. सहा-सात माणसांतही उडेना. मंडळींनी कळशी न सांडता आणून दाखवली. मी म्हटलं, नवं लोखंड आहे, अंगवळणी पडायला वेळ लागतो. मिस्त्री काय म्हणाला असता ते मला माहीत होतं, म्हणून मी त्याला विचारायला गेलो नाही.

दीड महिन्यानं आक्काला परत आणलं, टाके निघाले, नंबर निघाला. डॉक्टरांनी बोटं विचारली तर तिनं प्रत्येक वेळी बरोबर सांगितली आणि शेवटी, किती येळा इचारताय, असंही म्हणाली. चष्मा व्हायला आठवडा लागणार होता, तेवढी थांबायला ती तयार नव्हती. म्हणून तयार झाल्यावर तो मीच घेऊन वाडीला गेलो.

अंगणाच्या कडेला गाडी लावली. आक्कानं दारात उभं राहून चष्मा घातला. आधी गोठ्याकडं बघितलं, म्हैस, मग रेडकू. मग माझ्याकडं बघितलं, बराच वेळ. मी म्हातारा झालोय हे तिला तेव्हा दिसलं असणार. मग तिनं गाडीकडं बघितलं.

"मागनं बसलीया रं," ती म्हणाली. "दोन बोटं."

मी म्हटलं, बसलेली नाही, तिकडं जमिनीलाच उतार आहे.

"आंगण माजं हाय. उतार कुटं हाय मला ठावं हाय. दोन बोटं."

ती चुलीकडं गेली. आत जाळ केल्याचा वास आला, तेव्हा मी मागच्या चाकापाशी बसलो आणि बोटं आडवी लावून बघितली. दोनच बोटं बसली होती. पाटे तसेच ठेवले.